जीपचं एक चाक अधांतरी का राहतं? पहिल्या देखाव्यातलं नेहमीचं दुखणं

छोट्या मॉडेल गाडीचा देखावा, म्हणजे फळीवर मापात उभा केलेला प्रसंग, पहिल्यांदा करताना लक्षण सगळीकडे सारखंच असतं. पाट, म्हणजे देखाव्याची खालची फळी, तयार, तांबडा रस्ता वाळलेला, कडेचं गवत लावून झालेलं. गाडी ठेवायची, पाट डोळ्यांच्या रेषेत धरायचा, तर एका चाकाखालून पलीकडचा उजेड दिसतो. त्या चाकावर बोट टेकवलं की कर्णातलं समोरचं चाक उचलतं. पाय आखूड असलेल्या खाटेसारखी गाडी एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर. मग फेविक्विकचा थेंब सोडून चाक दाबून बसवलं जातं आणि काही दिवसांत एक तर सांधा सुटतो, नाही तर ॲक्सल मोडतो.

फट बारीक असली तरी डोळा ती सोडत नाही. १:३५ मापात, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाच्या मॉडेलात, १ मिलिमीटर फट म्हणजे खऱ्या रस्त्यावर साडेतीन सेंटिमीटर, १:७२ मध्ये सात सेंटिमीटरच्याही वर. टनभर वजनाची जीप जमिनीपासून साडेतीन सेंटिमीटर वर तरंगते आहे हे बघणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही, पण 'खेळणं ठेवल्यासारखं वाटतंय' एवढं तो म्हणतोच.

खालची सगळी मापं १:३५ च्या विलिस जीपवर दिली आहेत. खरी जीप ३.३३ मीटर लांब आणि १.५७ मीटर रुंद, म्हणून मॉडेल होतं साधारण ९५ बाय ४५ मिलिमीटर. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर ५८ मिमी, डाव्या-उजव्यातलं ३६ मिमी, टायरचा व्यास २१ मिमीच्या आसपास. जुन्या महिंद्रा जीपा याच घराण्यातल्या, त्यामुळे बेळगाव-खानापूर भागात विषय शोधायला लांब जावं लागत नाही. जांबोटीच्या वाटेवर डांबरी सोडून तांबड्या साइडपट्टीवर उतरलेली वडाप (प्रवासी भरून नेणारी) जीप, एवढा प्रसंग पहिल्या देखाव्याला पुरे. पाट ३०० बाय २०० मिमी. त्याहून मोठा घेतला की मोकळी जागा भरायच्या नादात काम अर्धवट राहतं.

आधी गुन्हेगार ओळखा

दोष तीनच ठिकाणी असू शकतो: गाडीत, फळीत किंवा वाळलेल्या जमिनीत. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. फळी सरळ करण्यात दिवस घालवायचा आणि शेवटी ॲक्सलच पिळलेला निघायचा, हे नको असेल तर तपासणी याच क्रमाने करा.

काचवाल्याकडून ५ मिमी जाड काचेचा वीतभर तुकडा आणा, कडा घासून घ्या. टेबलावर भरवसा ठेवू नका, सनमायकाचं टेबलही क्वचितच सपाट असतं. काचेवर गाडी ठेवा. झेरॉक्सच्या कागदाची सेंटिमीटरभर रुंदीची पट्टी कापा. तिची जाडी साधारण ०.१ मिमी भरते. ती एकेका चाकाखाली सरकवा. चारही चाकांखाली अडली तर गाडी निर्दोष. एका चाकाखालून सुळकन गेली तर पट्टीची घडी घालून दुहेरी, चौपदरी सरकवा आणि किती पदर जातात ते मोजा. चार पदर गेले म्हणजे फट ०.४ मिमी. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागतो.

काचेवर गाडी नीट बसते पण पाटावर नाही, असं असेल तर ३० सेंमीची पोलादी पट्टी उभी धरून पाटाच्या पाठीवर ठेवा: आधी लांबीत, मग रुंदीत, मग दोन्ही कर्णांवर. पाठ बघायची, पोट नाही. वरच्या बाजूला माती असल्याने तिथे काहीच कळत नाही. पट्टीखाली उजेड दिसला तर फळी वाकली आहे. नाही दिसला तर दोष जमिनीचा.

दोष गाडीत असेल तर

प्लास्टिकच्या किटमध्ये (सुटे भाग जोडून करायच्या मॉडेलात) बहुतेक वेळा चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, चिकटवतानाच पीळ बसतो. ॲक्सल आणि स्प्रिंगचे पाटे लावले, सिमेंट (प्लास्टिक जोडायचा चिकटा) पाच मिनिटांत धरलं असं वाटलं आणि गाडी कुशीवर ठेवून दिली. वरून धरलं तरी सिमेंट आतून २४ तास मऊच असतं. म्हणून ॲक्सल लावल्यावर चाकं तात्पुरती बसवायची, गाडी काचेवर उभी करायची, वरून मास्किंग टेपची एक पट्टी काचेला चिकटवायची आणि २४ तास हात लावायचा नाही.

गाडी आधीच पूर्ण झाली असेल आणि फट ०.४ मिमीपर्यंत असेल तर घासून भागतं. इथे हमखास चूक होते: लोक उचललेल्या चाकाकडे वळतात. त्याला हात लावू नका. गाडी ज्या दोन चाकांवर झुलते, म्हणजे कर्णातली जी जोडी कधीच उचलत नाही, ती दोन चाकं उंच आहेत. त्या दोघांच्या तळाला फटीच्या निम्मं घासायचं. फट ०.४ असेल तर प्रत्येकी ०.२ मिमी. ३२० नंबरचा पॉलिश पेपर काचेवर टेपने ताणून लावा, गाडी सरळ धरून त्या दोन चाकांचे तळ चार-चार फेरे ओढा आणि पुन्हा कागदाची पट्टी लावून बघा. टायरचा तळ थोडा चपटा होतो तो फायद्याचाच आहे, त्याबद्दल पुढे.

फट त्याहून मोठी असेल तर घासू नका, टायर कापल्यासारखा दिसेल. ॲक्सलचा सांधा पातळ पात्याने सोडवा आणि काचेवर उभा करून पुन्हा जोडा.

धातूच्या तयार गाड्यांत ॲक्सल म्हणजे एक सळई असते आणि ती खोबणीत खेळते, म्हणून गाडी काचेवर उभी राहते पण उंचसखल जागी तिरकी पडते. काचेवर चारही चाकं दाबून धरा, खालून खोबणीत एम-सीलची बारीक गोळी भरा. गाडी पुन्हा पळणार नाही, पण देखाव्यात ती पळायचीही नसते. अशा गाड्या विकत घेताना मात्र एक बघा: स्वस्त मालिकांमध्ये बस, ट्रक आणि कार सगळ्यांची लांबी एकाच पाकिटात मावेल अशी केलेली असते. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या असतील तर पाकिटावरच्या मापापेक्षा टायरचा व्यास आणि दाराची उंची पडताळा.

मऊ, रबरासारखे टायर असलेल्या किटमध्ये आणखी एक लपलेली भानगड असते. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि पॉलिस्टायरीनचं रिम खातं. काही महिन्यांनी रिम चिकट होतं आणि चाक कलतं. देखावा झाल्यावर बऱ्याच दिवसांनी एकच चाक बसलं असेल तर आधी इथे बघा. थर्माकोलही पॉलिस्टायरीनच, त्यामुळे असे टायर उघड्या थर्माकोलवर टेकवून ठेवू नयेत.

सहा-दहा चाकी ट्रक असेल तर मागची बोगी, म्हणजे मागच्या दोन ॲक्सलांची जोडी, शेवटपर्यंत चिकटवू नका. ट्रक जमिनीवर बसवून झाल्यावर तिला हवा तो कल घेऊ द्या, मग खालून एक थेंब.

फळी: वाकली तरी चालेल, पिळली नाही पाहिजे

पाट वाकला म्हणून चाक उचललं, असं सर्रास म्हटलं जातं. बऱ्याचदा हा खोटा आरोप असतो. फळी पन्हाळीसारखी एकाच दिशेने वाकली असेल आणि गाडी त्या पन्हाळीला समांतर किंवा काटकोनात उभी असेल, तर चारही चाकं टेकतात. कागद वाकवून त्यावर काडेपेटी ठेवून बघा. गाडी तिरकी ठेवली की मात्र तोच वाक पीळ बनतो आणि एक चाक उचलतं. आणि देखाव्यात गाडी छान दिसावी म्हणून आपण ती नेमकी तिरकीच ठेवतो.

हिशेब असा बसतो. ३०० मिमी लांबीत मध्यभागी २ मिमी वाक असेल आणि जीप ४५ अंशात उभी असेल, तर चाकाखाली साधारण ०.२ मिमी फट पडते. ती मातीच्या फुफाट्याने झाकता येते. तोच वाक ८ मिमी असेल तर फट पाऊण मिलिमीटरवर जाते आणि ती काहीही केलं तरी झाकत नाही. ३ मिमी एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर) ओलं काम केलं तर ८ मिमी वाक ही फार मोठी गोष्ट नाही.

वाक येतो कसा तेही बघू. ओला फेविकॉल किंवा ओली माती वरून पडली की वरचा पृष्ठभाग पाणी पिऊन फुगतो, फळी मधोमध वर येते. मग थर वाळताना आक्रसतो, वरची बाजू ओढून घेतो आणि कडा वर येतात. पहिल्या दिवशी पाट उंटाच्या पाठीसारखा आणि चौथ्या दिवशी परात, हे त्यामुळे. एमडीएफच्या कापलेल्या कडा सगळ्यात जास्त पाणी पितात.

उपाय जाडीत आहे. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. ३ ऐवजी ६ मिमी घेतली तर आठपट, १२ मिमी घेतली तर चौसष्टपट. बेळगावात फ्रेम करणाऱ्यांकडे किंवा फर्निचरच्या कारखान्यात १२ मिमी प्लाय-एमडीएफचे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात. ३०० बाय २०० साठी नवी शीट घेण्यात अर्थ नाही. काम सुरू करण्याआधी सहाही बाजूंना ऑइलवाल्या वूड प्रायमरचे दोन हात मारा, मध्ये एक दिवस जाऊ द्या. फक्त वरच्या बाजूला प्रायमर मारून उपयोग नाही. पावसाळ्यात पाठ आणि कडा हवेतली ओल घेतात आणि फळी उलटी वाकते.

प्रायमर मारलेल्या फळीवर थर्माकोल बसवताना मात्र फेविकॉल हट्टाला पेटतो. दोन्हीकडे पाणी शोषणारं काही नाही, मग तो सुकणार कसा? आठ दिवसांनी उचकटून बघितलं तरी मध्ये पांढरा, ओलाच असतो. तिथे अराल्डाइट वापरा, नाही तर प्रायमरच्या आधीच थर्माकोल चिकटवून घ्या आणि बाकी उघडी फळी नंतर रंगवा. तसं केलं तर प्रायमर थर्माकोलला लागू देऊ नका. टर्पेंटाइन, थिनर, पेट्रोल आणि स्प्रे पेंट यांपैकी कशानेही थर्माकोल विरघळतो. काळा रबरी चिकटा, जो चपला-फोमला वापरतात, तोही याच यादीत.

पाट आधीच परातीसारखा झाला आहे आणि वर सगळं काम झालेलं आहे? पाठीला नुसतं पाणी लावू नका, पाठ फुगून वाक वाढेल. ब्राऊन पेपर फेविकॉल-पाण्यात भिजवून पाठीवर पूर्ण चिकटवा. तो वाळताना आक्रसतो आणि पाठ आपल्याकडे ओढतो. एका कागदाने भागलं नाही तर वाळल्यावर दुसरा. पाठीला प्रायमर असेल तर आधी खरकागदाने घासून घ्या. वाक ५ मिमीच्या वर असेल तर कागदावर थांबू नका: ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्यांकडून पाऊण इंची एल-अँगलचे दोन तुकडे आणा, पाट शिकंजात सरळ दाबून पाठीवर अराल्डाइटने बसवा आणि एक दिवस तसाच ठेवा. वर एखादी चीर पडेल. पडू दे, ती बुजवता येते.

जमीन: दिवाळीच्या किल्ल्याची सवय इथे नडते

खरा घोळ इथे आहे. दिवाळीत किल्ले करून हात तयार झालेला असतो: माती कालवायची, विटा-पोत्यांवर थापायची, वर आळीव पेरायचं. किल्ला आठ-पंधरा दिवसांचा, त्याला चिरा पडल्या तर तो उलट जुना दिसतो. गाडीच्या देखाव्यात मात्र चाकाखालची जमीन अर्धा मिलिमीटर जरी खचली तरी पंचाईत.

माती कुठली यावर बरंच अवलंबून आहे. आपल्या भागात दोन टोकाच्या माती मिळतात. निपाणी, चिक्कोडी, अथणीकडची काळी, म्हणजे कानडीत कप्पु मण्णु, ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच गुणामुळे. तिच्यातला माँटमोरिलोनाइट नावाचा चिकणमातीचा प्रकार पाणी थरांच्या आत घेतो. खानापूर-बेळगावची जांभ्याची तांबडी, केंपु मण्णु, हिच्यात मुख्यतः केओलिनाइट असतं, ते असं फुगत नाही. म्हणून कालवून थापायचीच वेळ आली तर तांबडी बरी. काळ्या रानातला देखावा करायचा असला तरी चाकाखाली काळी माती कालवून घालू नका. खाली दुसरं काही घाला आणि काळी फक्त वरून चाळून भुरभुरवा.

आक्रसण्याचं गणित इथेही चाकाशी येऊन भिडतं. समजा मिश्रण वाळताना पाच टक्के बसतं. एका चाकाखाली थर १० मिमी आणि दुसऱ्याखाली ३ मिमी असेल, तर पहिलं चाक ०.५ मिमी खाली जाईल आणि दुसरं ०.१५. सपाट काचेवर तपासलेली गाडी पुन्हा झुलायला लागली. म्हणून चढ-उतार, बांध, साइडपट्टीचा उतार हे सगळं थर्माकोल कापून करा आणि वरचा लेप सगळीकडे सारखा, ३ ते ४ मिमी ठेवा. उंची थर्माकोलची, पोत लेपाचा. ही एक गोष्ट पाळली तर अर्ध्या तक्रारी उरत नाहीत.

लेपासाठी दोन पर्याय भरवशाचे.

एक, प्लास्टर ऑफ पॅरिस. ते वाळून नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं, त्यामुळे आक्रसत नाही. उलट घट्ट होताना किंचित फुगतं. मापाने दोन भाग पावडर, एक भाग पाणी. पाण्यात पावडर सोडायची, पावडरीत पाणी ओतायचं नाही, गुठळ्या होतात. हातात १० ते १५ मिनिटं मिळतात. घाई होत असेल तर पाण्यात लिंबाचे चार थेंब टाका, घट्ट व्हायला वेळ लागतो. मीठ उलट काम करतं. गणपतीच्या दिवसांत उघडलेलं आणि पावसाळाभर तसंच राहिलेलं पोतं घेऊ नका. ओल खाल्लेलं प्लास्टर आतल्या आत मेलेलं असतं, ते धरत नाही आणि वाळल्यावर नखाने उकरतं. चमचाभर कालवून वाटीत ठेवा. अर्ध्या तासात नख उमटायचं थांबलं नाही तर टाकून द्या.

दुसरा, पुट्टी आणि भुसा. पांढऱ्या सिमेंटची वॉल पुट्टी २ वाट्या, मैद्याच्या चाळणीतून चाळलेला लाकडाचा भुसा १ वाटी, फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं मिळून साधारण १ वाटी. थालीपिठाच्या पिठाइतकं सैल. हे प्लास्टरपेक्षा थोडं बसतं, पण चिवट असतं, पाट पडला तरी टवका उडत नाही, आणि चाक उमटवायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ देतं. नवख्याने हेच घ्यावं. ३०० बाय २०० च्या पाटाला ४ मिमी थर म्हणजे २४० मिलिलिटर माल लागतो. कालवल्यावर सगळं मिळून चार वाट्या दिसत असल्या तरी भुशातली हवा निघून माल कमी भरतो, म्हणून दोन मोठ्या आमटीच्या वाट्यांइतका तयार माल धरा.

दोन्हीत कालवतानाच रंग घाला. बर्न्ट सिएनाचा ॲक्रिलिक रंग आणि त्यात चिमूटभर काळा, एवढ्याने तांबडी माती जमते. नंतर टवका उडाला तर आत पांढरं दिसत नाही. लेप द्यायच्या आधी थर्माकोलला तारेच्या ब्रशने ओरखडे मारा आणि पातळ फेविकॉलचा हात द्या, नाही तर लेप पापुद्र्यासारखा सुटतो.

वरून भुरभुरवायची खरी माती आधी भाजून घ्या. जुन्या तव्यावर मंद आचेवर अर्धा तास. स्वयंपाकाचा तवा नको. तिच्यात बी-बियाणं, किडे, बुरशी सगळं असतं आणि ओला फेविकॉल मिळाला की जुलैत तिला कोंब फुटतात. मग चाळा. १ मिमीचा कण १:३५ मध्ये साडेतीन सेंटिमीटरची खडी होतो, त्यामुळे चहाच्या गाळणीतून पडलेली मातीसुद्धा रस्त्यावर खडी अंथरल्यासारखी दिसते. फुफाट्यासाठी ती वस्त्रगाळच हवी, जुन्या धोतराच्या किंवा ओढणीच्या कापडातून.

चाकोरी

जमीन गाडीच्या चाकांवरून बेतायची असते. वाळलेल्या जमिनीवर गाडी बसवायला गेलात की भांडण सुरू. किटची गाडी म्हणजे एकसंध ठोकळा. खऱ्या जीपचे पाटे वाकून चाक खड्ड्यात उतरतं, तुमच्या जीपचं उतरत नाही. तेव्हा जमिनीनेच चार चाकांना सामावून घ्यायचं.

लेप दिल्यावर वाट बघा. बोटाचं टोक हलकं टेकवून उचला. माल बोटाला आला तर लवकर आहे, ठसा उमटला पण बोट कोरडं निघालं तर वेळ झाली. प्लास्टरला ही वेळ दोन-तीन मिनिटांतच निसटते, पुट्टी-भुशाला बराच वेळ टिकते.

आधी चाकोरी ओढा. गाडीच्या किटमधलं सुटं चाक, स्टेपनी असेल तर उत्तम, टूथपिकवर बसवून रस्त्याच्या दिशेने फिरवा. नुसतं दाबलं की खड्डा होतो, फिरवलं की नक्षी उमटते. गाडी वळताना उभी असेल तर चार चाकांच्या चार रेषा येतात: मागचं चाक पुढच्याच्या रेषेवरून जात नाही, वळणाच्या आत पडतं. सरळ आली असेल तर दोनच. लाल चिखलात रुतलेली जीप दाखवायची तर दहा सेंटिमीटर खोल म्हणजे मापात ३ मिमी. एवढंच. उत्साहात निम्मा टायर गाडला जातो आणि जीप रस्त्यात पुरल्यासारखी दिसते.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी इथे एक खाच आहे, आणि उसाच्या पट्ट्यात ट्रॅक्टर करणारे कमी नाहीत. मागच्या मोठ्या टायरच्या व्ही-आकाराच्या गुट्ट्यांचं (उंच रबरी पट्ट्यांचं) टोक आधी जमिनीला लागतं आणि चिखल बाहेर फेकला जातो. त्यामुळे जमिनीवरच्या ठशात व्हीचं टोक ट्रॅक्टर जिकडून आला तिकडे असतं, जिकडे चालला तिकडे नाही. चाक उलटं बसवून ठसे काढले तर ट्रॅक्टर मागे-मागे आल्यासारखा दिसतो. शेतकरी बघणारा असेल तर तो हे पहिल्या नजरेत पकडेल.

आता गाडी. चाकांना डबा झाकायची पातळ पारदर्शक फिल्म गुंडाळा, सुरकुत्या वरच्या बाजूला. गाडी चाकोरीत ठेवा आणि चार बोटांनी चारही चाकांवर सारखा दाब द्या, टपावर नाही. उचला. पुट्टी-भुसा असेल तर दर पंधरा मिनिटांनी पुन्हा त्याच जागी ठेवून हलकं दाबा, माल हलायचा थांबेपर्यंत. माल बसतो तसा खड्डा आखडतो आणि तिरका होतो. एकदाच दाबून सकाळी बघायला गेलं तर गाडी जागेवर बसतच नाही, ती या कारणाने. गाडी रात्रभर आत ठेवून द्यायचीही नाही. प्लास्टर चाकाभोवती घट्ट धरतं आणि सकाळी काढताना ॲक्सल हातात येतो.

जमीन आधीच वाळून दगड झाली आहे आणि चाक वर आहे? सगळं उकरायची गरज नाही. उंच असलेल्या दोन चाकांच्या जागी, म्हणजे पुन्हा तीच झुलणारी जोडी, गोल कानशीने थोडं खरवडा. चारही जागी रंगीत पुट्टीची मसुराएवढी गोळी ठेवा, फिल्म गुंडाळलेली गाडी दाबा, कडेने आलेला माल जुन्या ब्रशने ठोकून जमिनीत मिसळा. अर्ध्या तासाचं काम.

टायरमध्ये वजन दिसत नाही

चारही चाकं टेकली, फट नाही, तरी गाडी हलकी वाटते. कारण टायर पूर्ण गोल आहे आणि जमिनीला एका रेषेतच शिवतो. खरा टायर वजनाखाली तळाशी चपटा होतो. २१ मिमीच्या टायरचा तळ फक्त ०.३ मिमी घासला की ५ मिमी लांबीचा सपाट भाग मिळतो, म्हणजे खऱ्या गाडीवर सतरा-अठरा सेंटिमीटर. तेवढा पुरे. वडाप असेल, टपावर पोती आणि मागे लोंबकळणारी माणसं असतील, तर मागच्या दोन टायरना थोडं जास्त. डावं-उजवं चाक सारखंच घासा आणि घासल्यावर काचेची परीक्षा पुन्हा द्या.

चिखलात उभ्या गाडीला हे न केलं तरी चालतं, तळ दिसतच नाही.

शेवटचं चिकटवणं

फेविक्विक इथे नको. त्याची वाफ काचेवर आणि रंगावर पांढरी झाक धरते, दमट हवेत जास्तच, आणि ती फडक्याने पुसून निघत नाही. शिवाय तो ठिसूळ असतो, पाट हलला की सांधा सुटतो. कर्णातल्या दोन चाकांच्या तळाला १ मिमीच्या ड्रिलने ५ मिमी खोल भोक पाडा, त्यात यू-क्लिप सरळ करून तिची तार अराल्डाइटने बसवा, १० मिमी बाहेर ठेवा. जमिनीत त्याच जागी भोकं. जागा चुकू नये म्हणून तारेच्या टोकाला रंगाचा थेंब लावून गाडी एकदा टेकवा, डाग पडतो तिथे भोक. तार जमिनीत चिकटवायची नाही, नुसती खुपसायची. गाडी दुरुस्तीला काढता येते, आणि देखावा प्रदर्शनाला न्यायचा असेल तर गाडी वेगळ्या डब्यातून नेता येते.

मग चाकांच्या कडेला वस्त्रगाळ माती सुक्या ब्रशने सारा. त्यावर आधी पाण्याचा हलका फवारा, मग एक भाग फेविकॉल, चार भाग पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, असं ड्रॉपरने चाकाच्या मागून सोडा. साबणाचा थेंब नसेल तर पाणी मातीवर मण्यासारखं उभं राहतं आणि फुफाटा गोळा होऊन चाकापासून लांब पळतो. वाळल्यावर माती काळपट आणि चकचकीत राहिली तर फेविकॉल जास्त झाला. वरून मॅट वार्निश आणि पुन्हा थोडी कोरडी माती.

जून ते सप्टेंबरात वाळायला दिलेला प्रत्येक वेळ दुप्पट धरा, खानापूर-कणकुंबीच्या पावसात तिप्पट. पंख्याखाली ठेवा, चुलीजवळ नाही. एकाच बाजूने ऊब लागली की फळी पिळते. भुशात बुरशी धरू नये म्हणून कालवतानाच डेटॉलचे चार-पाच थेंब घाला. मैद्याची खळ कुठेही वापरू नका, झुरळं आणि मुंग्या चाकापासून खायला सुरुवात करतात. आणि कपाटात ठेवताना डांबर गोळ्या शेजारी नकोत: त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडतं, गाडी हळूहळू बसते आणि तेच चाक पुन्हा उचलतं.